हयातीचा दाखला

रणांगणावर पडलेल्या जवानाला देश मानवंदना देऊन निरोप देतो. तेथून जिवंत परतलेल्या जवानाला मात्र आपल्या जखमेचा पुरावा पुढे अनेक वर्षे द्यावा लागतो. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या सेवेबाहेर पडण्याच्या काळात या विसंगतीचा विचार टाळता येणार नाही.

दिल्लीतील सरोजिनी नगर देशभर ओळखले जाते ते तेथील स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे. ज्यांच्या नावाने ही सरकारी वसाहत ओळखली जाते, त्या सरोजिनी नायडूंनी १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातील हिंदी सैनिकांवर एक इंग्रजी कविता लिहिली होती. ‘द गिफ्ट ऑफ इंडिया’ हे तिचे नाव. परमुलखात कामी आलेल्या आपल्या पुत्रांचे स्मरण ठेवा, असे त्या कवितेतील माता जगाला सांगते. कविता मृतांची आहे. त्या युद्धासाठी दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले आणि त्यांतील बहुसंख्य परतही आले. परतलेल्यांपैकी कित्येकांचे हात-पाय शाबूत नव्हते, कित्येकांची झोप कायमची गेली होती. त्यांच्यावर फारसे कोणी लिहिले नाही.

सरोजिनी नगरातून रिंग रोड ओलांडला की रामकृष्णपुरम लागते. तेथील सरकारी इमारतींत केंद्रीय सैनिक बोर्डाचे सचिवालय आहे आणि निवृत्त सैनिकांच्या पुनर्वसनाचे महासंचालनालयही आहे. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात न सुटलेला प्रश्न शेवटी दिल्लीतील अशाच कचेऱ्यांपर्यंत येतो. निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून प्रत्येक निवृत्त सैनिकाला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो बोटाच्या ठशावर, संगणकाद्वारेही देता येतो. हिशेबाच्या दृष्टीने या नियमात वावगे काहीच नाही. पण जो माणूस सुरुंग आणि गोळ्यांतून वाचला, त्यानेच आपण जिवंत असल्याचे दरवर्षी लिहून द्यावे, यात आपल्या व्यवस्थेचे एक चित्र नकळत उमटले आहे.

पायदळाचे युद्ध इतर दलांहून वेगळे असते. विमानातील वा तोफखान्यातील सैनिकाला शत्रू बहुधा दिसत नाही. पायदळाच्या जवानाला तो पन्नास-शंभर पावलांवर दिसतो, आणि त्याच्या उजव्या-डाव्या हाताला असतो तो रोज एकाच लंगरात जेवणारा सोबती. त्यामुळे युद्धातून वाचलेल्या पायदळाच्या सैनिकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो शौर्याचा नसतो. तो पडला आणि मी का वाचलो, हा तो प्रश्न असतो. त्याला उत्तर नाही. उरलेल्या आयुष्याचे काय करायचे, एवढेच त्याच्या हाती असते.

मेजर जनरल इयान कार्डोझो यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मुंबईत १९३७ मध्ये जन्मलेले आणि तेथेच सेंट झेवियर्समध्ये शिकलेले कार्डोझो खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पाचव्या गोरखा रायफल्समध्ये दाखल झाले. १९७१ चे युद्ध उभे राहिले तेव्हा ते वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात होते. त्यांच्या पलटणीतील उपप्रमुख अधिकारी लढाईत पडला आणि त्याची जागा घेण्यासाठी त्यांना पाठवण्यात आले. ७ डिसेंबर रोजी ही पलटण हेलिकॉप्टरमधून सिल्हेटजवळ उतरली. भारतीय लष्कराची अशा प्रकारची ती पहिलीच मोहीम होती. ४८ तासांत मदत पोहोचेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात शत्रूची शरणागती होईपर्यंत, म्हणजे सुमारे नऊ दिवस, या पलटणीने अपुऱ्या अन्नावर आणि मोजक्या दारूगोळ्यावर ठाण मांडले.

ढाका पडल्यानंतर, लढाई जवळपास थांबलेली असताना, कार्डोझो यांचा पाय सुरुंगावर पडला. वेदना शमवणारे औषध उपलब्ध नव्हते. लोंबकळणारा पाय कापून टाक, असे त्यांनी सोबतच्या गोरखा जवानाला सांगितले. त्याचा हात धजला नाही. तेव्हा त्यांनी त्याच्याकडून खुकरी घेतली आणि स्वतःच तो पाय तोडला. पुढची शस्त्रक्रिया केली ती मेजर मोहम्मद बशीर या युद्धबंदी पाकिस्तानी शल्यविशारदाने. शत्रूच्या डॉक्टरचा हात लागू देण्यास कार्डोझो प्रथम तयार नव्हते. त्याच डॉक्टरचे आभार मानायचे राहून गेले, याची खंत मात्र त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली आहे.

कथा बहुतेक वेळा इथेच थांबवली जाते. २०२१ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट जाहीर झाला, तेव्हा भित्तिपत्रकावरील खुकरीचा आकार बरोबर आहे की नाही यावरच चर्चा रंगली. खरी लढाई नंतरची होती. एका पायाचा अधिकारी पायदळाची तुकडी घेऊन डोंगर कसा चढणार, अशी शंका वरिष्ठांना होती, आणि ती अगदीच अनाठायी म्हणता येणार नव्हती. कार्डोझो यांनी शारीरिक चाचणीत दोन पायांच्या अधिकाऱ्यांना मागे टाकले. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल टी. एन. रैना यांनी त्यांना सोबत लडाखला नेले, बर्फात आणि चढणीवर त्यांची चाल स्वतः पाहिली आणि मग परवानगी दिली. पायदळाच्या बटालियनचे, नंतर ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ते पहिले अपंग अधिकारी ठरले. निवृत्तीनंतर त्यांनी दिल्लीत मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी काम केले आणि २००५ ते २०११ या काळात भारतीय पुनर्वसन परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले.

त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांचे विषयही बोलके आहेत. त्यांनी परमवीरचक्र विजेत्यांवर लिहिले. ‘आयएनएस खुकरी’ या ९ डिसेंबर १९७१ रोजी बुडालेल्या नौकेतून वाचलेल्या नौसैनिकांच्या आठवणी त्यांनी गोळा केल्या. त्या नौकेसोबत १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक समुद्रात गेले. वाचलेल्यांना कोणीतरी बोलते करायला हवे, हे कार्डोझो यांना कळले, कारण ते स्वतः वाचलेल्यांपैकी होते.

पण एका अधिकाऱ्याला लष्करप्रमुखांपर्यंत पोहोचता आले. साध्या शिपायाचे काय? महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा पलटणीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव परिसराचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी लढता लढता पडले. नगर जिल्ह्यातील नामदेव जाधव वाचले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या काठी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करत बाहेर काढले. नंतर हात जखमी झालेला असताना हातबाँबच्या बळावर त्यांनी शत्रूच्या मशीनगनची ठाणी बंद पाडली आणि काठावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. तो दिवस त्यांच्या सन्मानपत्रात नोंदला गेला. त्यानंतर ते १९८४ पर्यंत जगले. त्या एकोणचाळीस वर्षांविषयी आपण कितीसे बोलतो?

मूळ अडचण अशी की, आपली यंत्रणा जखम मोजते ती टक्क्यांत. वीस टक्क्यांपासून अपंगत्व धरले जाते आणि पुढे ते पन्नास, पंचाहत्तर व शंभर अशा टप्प्यांत बसवले जाते. गोळी लागली वा पाय गेला तर कागद त्या मानाने सोपा असतो. स्फोटांनी हळूहळू गेलेला कान, बर्फाळ चौकीवर बिघडलेले हृदय किंवा रात्री दचकून उठवणारे मन यांचा सेवेशी संबंध कोणी सिद्ध करायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात याचे उत्तर दिले. भरती होताना जवान निरोगी होता असे गृहीत धरावे आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, असे न्यायालयाने म्हटले. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही २०१५ मध्ये अपंगत्व निवृत्तिवेतनाविरुद्धची सरकारी अपिले मागे घेण्याची शिफारस केली. तरीही जवान न्यायाधिकरणात जिंकतो आणि सरकार वरच्या न्यायालयात जाते, हा क्रम पूर्णपणे थांबलेला नाही.

सरकारची बाजूही ऐकायला हवी. या लाभाचा काही ठिकाणी गैरफायदा घेतला जातो, अशी तक्रार लष्करातूनच होते. जवानांपेक्षा अधिकाऱ्यांमध्ये अपंगत्व निवृत्तिवेतनाचे प्रमाण बरेच अधिक असल्याकडे महालेखापरीक्षकांनीही लक्ष वेधले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नियम कडक झाले त्यामागे हा विचार होता. मात्र गैरफायदा रोखण्याची चाळणी इतकी बारीक नसावी, की तिच्यात खराखुरा जखमी शिपाईच अडकावा. वकील गाठण्याची आणि दिल्लीच्या फेऱ्या मारण्याची ऐपत अधिकाऱ्याकडे असते. साताऱ्याच्या किंवा शिरोळच्या एखाद्या खेड्यात परतलेल्या शिपायाकडे ती नसते.

हा प्रश्न आता अधिक तातडीचा होतो, तो अग्निपथ योजनेमुळे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत जवान चार वर्षांसाठी भरती होतो आणि त्यांतील कमाल पंचवीस टक्के पुढे कायम होतात. सेवेमुळे अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ किंवा १५ लाख रुपयांचे एकरकमी अनुदान देण्याची तरतूद आहे. सेवेचा उरलेला काळ धरून वेतन व सेवानिधीही मिळतो. आयुष्यभराचे अपंगत्व निवृत्तिवेतन मात्र नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. विशी-पंचविशीत पाय गमावलेल्या तरुणापुढे चाळीस-पन्नास वर्षांचे आयुष्य उभे असते. कृत्रिम पाय काही वर्षांनी बदलावा लागतो आणि औषधे दरमहा लागतात. एकदाच दिलेल्या रकमेत हे सारे कसे बसवायचे, याचे समाधानकारक उत्तर योजनेच्या कागदांत सापडत नाही.

यासाठी फार मोठ्या घोषणांची गरज नाही. कर्तव्यावर अपंगत्व आलेल्या अग्निवीराला नियमित जवानाप्रमाणेच आजीव निवृत्तिवेतन मिळावे. सेवेतून बाहेर पडताना प्रत्येकाच्या कानाची, सांध्यांची आणि मनाचीही सविस्तर तपासणी होऊन तिची प्रत त्याच्या हाती द्यावी. खालच्या पातळीवर निकाली निघालेल्या दाव्यांविरुद्ध सरसकट अपील करण्याची पद्धत मंत्रालयाने सोडावी. १९१७ पासून चालत आलेल्या, आता खडकीत असलेल्या क्वीन मेरी तंत्रसंस्थेसारखी, अपंग सैनिकाला नवा व्यवसाय शिकवणारी केंद्रे आणखी ठिकाणी निघावीत.

कार्डोझो यांची योग्यता ठरवण्यासाठी लष्करप्रमुख त्यांच्यासोबत बर्फात चालले होते. प्रत्येक जखमी जवानासाठी ते शक्य नाही. पण त्याच्या फाइलीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने टक्केवारीचा रकाना भरण्यापूर्वी समोरच्या माणसाला एकदा बसवून विचारावे, ऐकून घ्यावे, एवढे तर शक्य आहे.