तीन मिनिटांचं घड्याळ आणि अर्ध्या मिनिटाची ओळख

२००८ साली क्वीन्सलंडमध्ये मोठा दुष्काळ होता. आंघोळ लवकर उरकावी म्हणून अनेकांनी बाथरूमच्या भिंतीवर तीन मिनिटांचं टायमर लावलं होतं. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलचे तेव्हाचे डीन ॲलन लॉसन यांना त्यावरून सुचलं, की पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आपलं संशोधनही तेवढ्याच वेळात का सांगू नये? 'थ्री मिनिट थीसिस' ही स्पर्धा अशी सुरू झाली. पहिल्या वर्षी १६० जण उतरले. एक स्लाइड, तीन मिनिटं, आणि सांगायचं ते विषयाबाहेरच्या माणसाला कळेल असं. आज ती जगभरातल्या शेकडो विद्यापीठांत होते.

कॉन्फरन्समधल्या चहाच्या वेळी मात्र तीन मिनिटंही मिळत नाहीत. हातात कप घेऊन कुणीतरी विचारतं, "सो, व्हॉट डू यू डू?" फार तर अर्धं मिनिट!

आपली सवय वेगळी. "तुम्ही कुठले?" "कराडचे." "अरे वा, कराडात कुठे?" धागा लागला की गप्पा सुरू. यात मागासलेलं काही नाही हं. ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल समाजांतही "हूज युअर मॉब?", म्हणजे तुम्ही कुणापैकी, हेच आधी विचारतात. पण चहाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या माणसाला कराड माहीत नसतं. त्याला धागा तुमच्या कामातूनच मिळणार.

म्हणून "मी सॉइल मायक्रोबायोलॉजीत पीएचडी करते" इथेच थांबू नका. असं सांगा: "उसाच्या शेतातलं नायट्रोजन खत पावसाबरोबर वाहून ग्रेट बॅरियर रीफपर्यंत जातं. कमी खतात तेवढाच ऊस यावा, म्हणून मी मुळांजवळचे जिवाणू तपासते." आता शेतीवाला, समुद्रवाला, सरकारी खात्यातला, कुणीही पुढचा प्रश्न विचारू शकतो.

इथे फुशारकी खपत नाही. फार उंच वाढलेलं फूल छाटायच्या वृत्तीला 'टॉल पॉपी सिंड्रोम' असं नावच आहे. त्यामुळे आपला संकोच तसा चालून जातो. पण "आय ॲम जस्ट अ स्टुडंट" ही नम्रता नव्हे. त्यावर समोरचा बोलणार तरी काय?

नाव सावकाश सांगा. मृण्मयीचं 'मिम्मी' करायची घाई तुम्हीच करू नका. दोनदा सांगितलं की बहुतेकांना जमतं.

आणि हमखास राहून जातं ते म्हणजे आपल्याला काय हवंय. "फेब्रुवारीत थीसिस सबमिट करतेय, पुढे काम शोधतेय" हे जिभेवर येतच नाही, कारण मागणं आपल्याला कमीपणाचं वाटतं. व्हिसाची तारीख जवळ येत राहते आणि आपण काम शोधतोय याचा कुणाला पत्ताच नसतो. सरळ सांगा. लगेच नोकरी मागू नका, पंधरा मिनिटांची कॉफी मागा.

पाठांतर नको, ते लगेच कळतं. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मग व्हिडिओ कॉलवर आईला मराठीत सांगून बघा. ती जिथे "म्हणजे नक्की काय गं?" म्हणेल, ते वाक्य बदला.