पावणेदोन हात खाली

वैशाख सरत आलेला असावा, नांगरटीची ढेकळे उन्हाने भाजून दगडासारखी झालेली असावीत, आणि अशा वेळी वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावच्या शिवारात, माळाच्या माथ्यावरून निघून नाल्याच्या थडीपर्यंत, कोणी सावकाश चालत यावे. चाल अर्ध्या कोसाची. परंतु तेवढ्यात पायाखालची भूमी दोन वेळा पालटते. माथ्यावर वहाणेखाली मुरूम करकरतो आणि कुसळी गवताखेरीज फारसे काही उगवलेले दिसत नाही. उताराच्या पायथ्याशी आल्यावर माती तांबूस-तपकिरी, भुसभुशीत आणि खोल होत जाते. आणि त्याही खाली, सपाटीवरच्या काळ्याभोर रानात, हात मनगटापर्यंत आत जावा अशा भेगा पडलेल्या आढळतात. शेतकरी या तिघींना बरड, मध्यम आणि भारी अशी नावे देतो, आणि भारी म्हणजे सर्वश्रेष्ठ असा आपल्या वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्यांचा समज आहे. मला आज वकिली करावयाची आहे ती मधलीची. पायथ्याच्या त्या खोल आणि पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या मातीची, जिची योग्यता तिच्या धन्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

या तिन्ही मातींचा जन्मदाता एकच. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले आणि त्यांचा जो काळा कातळ झाला, त्याच कातळाच्या झिजेतून या तिघीही उत्पन्न झालेल्या आहेत. त्यांच्यावर पडणारा पाऊसही एकच, वर्षाकाठी साधारण 800 मिलिमीटरांच्या मागेपुढे. मग भेद कशाने पडला? हान्स जेनी या मृदाशास्त्रज्ञाने 1941 साली मातीच्या घडणीची पाच कारणे सांगितली: हवामान, जीवसृष्टी, भूमीचा चढउतार, मूळ खडक आणि काळ. कामरगावच्या शिवारात त्यांतले मुख्य कारण चढउताराचे. माथ्यावरची माती पाण्याबरोबर खाली निघते; पायथ्याशी उताराचा वेग मोडला म्हणजे त्यातले जाड कण आणि मुरमाची चुरी तेथेच विसावते, आणि पिठासारखी बारीक चिकणमाती मात्र तशीच वाहत सपाटीपर्यंत जाते. टेकडीच्या माथ्यापासून तळापर्यंत अशा एकीला एक लागून असलेल्या मातींच्या रांगेला मिल्न या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून 1930 च्या दशकात साखळी या अर्थाचे लॅटिन नाव दिले. आपण तिला मृदामाला म्हणू.

त्या मालेतला मधला मणी जवळून पाहण्याचा योग मला गेल्या उन्हाळ्यात आला. पुराने नाल्याची थडी कापली होती आणि पुरुषभर उंचीची दरड उघडी पडली होती. वरचा वीतभर थर गडद तपकिरी, कणीदार, तंतुमुळांनी विणलेला. त्याखाली दोन-अडीच हातांपर्यंत एकाच रंगाची तपकिरी माती, जिचा खडा चिमटीत दाबला की त्याचे कोनदार तुकडे होत. मधूनमधून मुरमाची चुरी, खालच्या अंगाला ज्वारीच्या दाण्याएवढे चुनखडीचे खडे, आणि सर्वांत तळाशी नखाने उकरता येईल असा कुजलेला मुरूम. काठावरच्या निंबाची मुळे थेट त्या मुरमात उतरलेली होती. मूठभर माती भिजवून मी तिची वळी केली. ती बोटभर लांब होऊन तुटली. सपाटीवरच्या काळ्या मातीची वळी याच्या दुप्पट लांब होते आणि वाकवली तरी मोडत नाही. सोबत असलेले शेतकरी म्हणाले, “वरून सारं वावर सारखंच दिसते जी, खोदल्यावर समजते.” या विषयावरच्या ग्रंथांत याहून फार निराळे काही सांगितलेले नाही.

त्या दरडीत मी विशेषेकरून शोधत होतो ते राखाडी आणि निळसर डाग, आणि ते कोठेही नव्हते. मातीत लोह असते. पोकळ्यांतून हवा खेळती असली म्हणजे त्या लोहाला गंज चढून तांबूस-तपकिरी छटा येते. पाणी तुंबून हवा कोंडली की तेच लोह विरघळते आणि मागे करडे डाग राहतात. निचरा म्हणजे नुसते पाणी निघून जाणे असे आपण समजतो; वास्तविक पाण्याने रिकामी केलेली जागा हवेने भरून निघणे हा त्यातला मोलाचा भाग आहे, कारण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. खोल मातीत मुळांना विस्तार मिळतो, तळच्या मुरमात जादा पाणी मुरते, आणि मधला थर पुढच्या उघडिपीपुरता ओलावा धरून ठेवतो. हे तिन्ही गुण एकत्र नांदतात ते पायथ्याशी.

काळ्या मातीचा दोष तिच्या गुणातूनच निघतो. तिच्यातील स्मेक्टाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते. पहिल्या पावसाचे पाणी भेगांतून धडाधड खाली जाते. पण एकदा भेगा मिटल्या की त्याच रानात पाणी आत शिरेनासे होते. फुगणारे थर एकमेकांवर घासून खाली अक्षरशः आरशासारखे गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतात, विहिरीची बांधकामे फुटतात, तारांचे खांब कलतात. श्रावणात आठ दिवसांची झड लागली की अशा रानातली तूर उबळते, आणि धनी बियाण्याला दोष देतो. तिचा काळा रंग पाहून ती सेंद्रिय द्रव्याने भरलेली आहे असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो.

हाच भेद वऱ्हाडच्या नकाशावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आहे. उत्तरेस गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, अचलपूर-परतवाड्याच्या बाजूस, डोंगराने आणून टाकलेल्या गोटे-रेती-मातीचा खोल पट्टा आहे. तेथे पाणी मुरते, विहिरी भरतात आणि संत्र्याच्या बागा उभ्या राहतात. तेथून दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यात उतरले की माती आणखी खोल आणि आणखी काळी होते, परंतु निचरा खुंटल्यामुळे क्षार आणि सोडियम साचून खारपाणपट्टा तयार झालेला आहे, जेथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. खोली दोन्हीकडे आहे. निचरा एकीकडेच आहे.

आपल्या जुन्या जमाबंदीच्या अंमलदारांना याची जाण होती, हे त्यांच्याविषयी कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्यात घालून दिलेली, 1847 च्या संयुक्त अहवालात स्थिर झालेली पैमाशीची पद्धत पुढे 1860 च्या दशकात वऱ्हाडातही आली. तिच्यात प्रतबंदीचा कारकून शेतात खड्डा घेऊन मातीची खोली हातांनी मोजी. पावणेदोन हात खोल, एकजिनसी काळी माती असली की सोळा आणे. खोली कमी होत गेली की आणे उतरत जात, आणि नवव्या, शेवटच्या वर्गाला दोन आणे राहत. इतक्यावर न थांबता दोषांची वजावटही होई: चुनखड, वाळसर, उतारवट, आणि पाणी उफाळून साचते अशी उपळवट. एकेका दोषामागे जमीन एकेक वर्ग खाली येई. सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून जी किरकोळ रक्कम आज आपण न वाचता उलटतो, तिचे मूळ या खड्ड्यांत आहे. मात्र त्या पैमाशीत एक उणीव होती: माती पावणेदोन हातांहून, म्हणजे सुमारे 80 सेंटिमीटरांहून, खोल असली तर खाली काय आहे हे विचारण्याचा शिरस्ता नव्हता, आणि फळझाडाचे भवितव्य पुष्कळदा तेथेच ठरते.

आधुनिक वर्गीकरण ही उणीव भरून काढते. 1975 साली अमेरिकेत ग्रंथरूपाने सिद्ध झालेली आणि आपल्या देशानेही स्वीकारलेली पद्धत मातीचा संपूर्ण उभा छेद वाचते आणि जगातील मातींचे आज बारा गण मानते. माथ्यावरची कोवळी, थर न घडलेली माती एन्टिसॉल. पायथ्याची, थर घडू लागलेली इन्सेप्टिसॉल. सपाटीवरची भेगाळणारी व्हर्टिसॉल. कामरगावच्या अर्ध्या कोसात बारांपैकी तीन गण भेटावेत, ही मला तरी मोठी नवलाची गोष्ट वाटते. 1976 साली स्थापन झालेली, नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था हे कार्य करीत आहे. कातळातील पांढऱ्या गारगोट्यांमध्ये जी झिओलाइट खनिजे असतात, ती मातीला कॅल्शियम पुरवीत राहून तिची नासाडी थोपवतात, हे तेथील शास्त्रज्ञांनीच दाखवून दिले.

एवढे ज्ञान हाताशी असता शेतकऱ्याच्या हाती काय पडते? 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झालेल्या योजनेची मृदा आरोग्य पत्रिका. ती उपयुक्त आहे. सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळून बारा गोष्टी ती सांगते. पण तिचा नमुना वरच्या 15-20 सेंटिमीटरांतला, आणि त्या बारांत ना खोली आहे ना निचरा. दीडशे वर्षांपूर्वी कारकून जे विचारी ते आज कोणी विचारत नाही. परिणामी, पत्रिकेवर उत्तम ठरलेल्या भारी रानात संत्र्याची कलमे लागतात. चार-पाच वर्षे डोळे निवावेत अशी वाढतात. मग बहारासाठी ताण द्यावा तर त्या मातीतला ओलावा हटत नाही, झाडाला ताण बसत नाही, आणि पावसाळ्यात बुंध्याला डिंक्या लागतो. दोन बांधांवर, पायथ्याच्या मध्यम रानात, तेच कलम सुखाने फळते.

शासनाने पत्रिकेत खोली आणि निचरा असे दोन रकाने वाढवावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पण त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कलमे आणण्यापूर्वी शेतात दोन-तीन ठिकाणी अडीच हातांचा खड्डा घ्यावा, तळाशी मुरूम आहे की चिकण हे हाताने पाहावे, खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उभे असेल, तर त्या रानात संत्रा लावू नये.