क्रिएटिनिन ते मायक्रोआरएनए: बदललेल्या किडनीच्या पहाऱ्याचा मागोवा

निपाणी-चिकोडीकडच्या ज्या घरात कुणाला किडनी बसवली आहे, तिथे क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ, किती आलं हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. बेळगावला केएलई रुग्णालयात किंवा कोल्हापुरात रक्त द्यायचं आणि आकडा वाढला नाही ना, एवढं पाहायचं. हा आकडा मोजण्यामागची रासायनिक क्रिया माक्स याफे यांनी १८८६ साली मांडली. मूत्रपिंड प्रत्यारोपण पुढे कुठल्या कुठे गेलं; रोजचा पहारा मात्र अजून क्रिएटिनिनवरच आहे.

१९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली प्रयत्न झाला. भारतात यश आलं ते १९७१ मध्ये, वेल्लोरला. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि नंतर टॅक्रोलिमस ही प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं आली. शरीराने परकी किडनी नाकारण्याचं प्रमाण त्यामुळे घटलं, पण धोका टळला नाही. क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीला इजा होऊन गेलेली असू शकते. शिवाय ते नकारामुळे वाढलं, औषधाच्या जादा मात्रेमुळे की जुलाबाने अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे, हे आकडा सांगत नाही. त्यासाठी बहुधा सुई घालून बायोप्सीच करावी लागते.

या पहाऱ्याची नवी वाट निघाली एका सूक्ष्म कृमीपासून. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस यांच्या गटाला त्यात आरएनएचा जेमतेम २२ घटकांचा तुकडा सापडला. तो दुसऱ्या जनुकाला कसा आवरतो हे गॅरी रुव्हकुन यांनी दाखवलं. असे तुकडे, म्हणजेच मायक्रोआरएनए, माणसातही असतात हे २००० साली कळलं आणि ते रक्तात शाबूत फिरतात हे २००८ साली. २००९ मध्ये न्यूयॉर्कला मणिक्कम सुतंतिरन यांच्या गटाने नाकारल्या जाणाऱ्या किडनीच्या बायोप्सीत १५५ आणि २२३ क्रमांकाचे मायक्रोआरएनए वाढलेले पाहिले. मग हीच खूण रक्तात आणि लघवीत शोधायची धडपड सुरू झाली. मायक्रोआरएनएच्या शोधासाठी अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

किडनीसाठी मायक्रोआरएनएची तपासणी मात्र अजून रोजच्या वापरात आलेली नाही. एका अभ्यासात ठळक दिसलेली खूण दुसऱ्यात टिकतेच असं नाही, आणि मोजण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या, तर त्यांच्यातले मायक्रोआरएनए मिसळून निकाल बिघडतो. निपाणीत घेतलेलं रक्त सुमारे पाऊणशे किलोमीटरवरच्या बेळगावात पोचूनही ज्या तपासणीचा निकाल तोच येईल, तीच आपल्या कामाची. संशोधकांनी ती आपल्या भागातल्या रुग्णांवरही पारखून घ्यायला हवी.

तोवर किडनी बसवलेल्यांनी टॅक्रोलिमसची वेळ चुकवू नये, बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नये आणि क्रिएटिनिनची तारीख पुढे ढकलू नये.