वालाची वेल रात्र मोजते

घरामागे सांदवाडी असेल, तर उद्या शाळेत जायच्या आधी वालाच्या मांडवाखाली जाऊन उभे राहा. कार्तिक लागलाय. मांडवावर जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे तुरे डोकावतायत, त्यांच्या बुडाशी बोटभर कोवळ्या शेंगा धरल्यायत. आता आठवा, हीच वेल श्रावणात कशी होती? मांडव भरून पानंच पानं! खत होतं, पाणी होतं, उन्हाची तिरीपही होती, पण फूल म्हणाल तर एक नाही.

लहानपणी मी आजीला विचारायचो, ही वेल वांझ आहे का गं? आजी म्हणायची, "थांब जरा. रात मोठी होऊ दे, मंग पाय कशी फुलते ते."

मला वाटायचं, आजीला म्हणायचंय की थंडी पडू दे. पण आजी थंडी म्हणत नव्हती, रात म्हणत होती, आणि तिचं अगदी बरोबर होतं.

मृगाच्या पावसात आपल्या गोंदियाकडची रात्र जेमतेम साडेदहा तासांची असते. पुढे ती वाढत जाते. आश्विनात रोज मिनिटभरानं लांबते आणि डिसेंबरच्या २१-२२ तारखेला तेरा तासांच्या थोडी पुढे जाते. मिनिटभराचा फरक तुम्हाआम्हाला कळतही नाही. मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, तेव्हा कुठे रात्र किती मोठी झालीय ते पापण्यांना समजतं! वालाच्या पानांना मात्र घड्याळाशिवाय कळतं.

हे शोधलं कसं? अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड नावाचे दोन शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात उन्हाळाभर उंचच उंच वाढायची, पण फुलायची नाही. त्यांनी खत बदललं, पाणी बदललं, काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी एक गंमत केली. ऐन उन्हाळ्यात झाडांच्या कुंड्या उजेड असतानाच अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढायच्या. झाडांना वाटलं, दिवस लहान झाले. ती फुलली! हे त्यांनी १९२० साली छापलं.

तेव्हा सगळे म्हणाले, झाड दिवस मोजतं. आजीसारखं 'रात' म्हणायला आणखी १८ वर्षं लागली. १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी एक रानटी झाड घेतलं. ज्याची काटेरी फळं चड्डीला चिकटतात ना, तेच. आपल्या पडीक जमिनीतही ते उगवतं. त्याला हवी तेवढी लांब रात्र दिली, फक्त मधेच थोडा वेळ दिवा लावला. बस्स, झाड फुललंच नाही. दिवसाच्या मधे थोडा वेळ अंधार केला तर त्याला काहीच वाटलं नाही. म्हणजे मोजणी चालते ती सलग अंधाराची.

ही मोजणी पानात होते. पानात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. उन्हात त्याचं रूप बदलतं, अंधारात ते हळूहळू मूळ रूपाकडे परततं. पानाच्या पेशींमध्ये स्वतःचं एक घड्याळही चालू असतं. या दोघांच्या मेळातून पानाला कळतं की रात्र पुरेशी लांब झाली. मग पान देठातून शेंड्याकडे निरोप धाडतं: आता पानं पुरे, कळ्या काढ! मला यातलं हेच सगळ्यात नवलाचं वाटतं. रात्र मोजतं पान, आणि फुलतो शेंडा.

वाल एकटाच असा नाही. धुऱ्यावरची तूर बघा, तीही याच सुमारास पिवळी होते. बांधीतला जुन्या वाणाचा भारी धान असाच रात्री मोजून निसवतो. उन्हाळी धानाचे वाण मात्र वेगळे. त्यांना रात्र लहान की मोठी याचं काही पडलेलं नसतं, म्हणून तर ते उन्हाळ्यातही पिकतात. भेदरंही रात्र मोजत बसत नाही.

आणि पालक, मुळा? त्यांचा हिशोब उलटा. ते रात्र लहान व्हायची वाट बघतात. म्हणून थंडीभर पालकाची पानं खुडता येतात आणि थंडी सरताना त्याला तुरा येतो, मुळ्याला डिंगऱ्या लागतात. थंड देशांतल्या बागा या महिन्यांत बर्फाखाली झोपतात. आपली सांदवाडी मात्र आत्ताच ऐन भरात असते: वाल लगडलेला, सांभार कोवळा, मेथी टवटवीत, धोप्याच्या पानावर दवाचे थेंब घरंगळतायत.

आता तुमच्यासाठी दोन कामं. मांडवावर अंगणातल्या किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो का, ते आज रात्री बघा. पडत असेल तर दिव्याजवळच्या फांद्यांवर फुलं किती आणि अंधारातल्या फांद्यांवर किती, ती मोजा. जपानमध्ये रस्त्याच्या दिव्याखालचा धान उशिरा निसवतो, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलंय. तुमच्या वालाचं काय होतं, ते तुम्ही मोजा.

दुसरं काम पुढच्या वर्षीचं. आजीकडून गावरान वालाच्या बिया मागून ठेवा. काही जूनमध्ये लावा, काही ऑगस्टमध्ये. जूनची वेल मांडव झाकून टाकेल, ऑगस्टची बिचारी कंबरेएवढीच राहील. दोघींच्या पहिल्या फुलाची तारीख वहीत लिहा आणि दोन तारखांमध्ये किती दिवसांचं अंतर पडलं, ते आम्हाला पत्रानं नक्की कळवा.