व्ह्यूज 37, मग गाणं वाईट?

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने गाणं सोडायचं ठरवलं. का, म्हणून विचारलं तर तिने मोबाइलच पुढे केला. संत नामदेवांचा एक अभंग महिनाभर बसवून तिने आमच्या गच्चीवर रेकॉर्ड केला होता आणि टाकला होता. चार दिवसांत व्ह्यूज 37. त्यातले निम्मे तर आमचेच नातेवाईक! तिच्या वर्गातल्या एका मुलाने पंजाबी गाण्यावर वीस सेकंद नाचून टाकलेली रील मात्र तेवढ्याच वेळात अकरा हजार जणांनी पाहिली होती.

‘‘मावशी, लोकांना आवडलं नाही म्हणजे ते चांगलं नसणारच ना गं?’’

तुमच्या घरातही असा प्रश्न कुणी ना कुणी विचारला असेल. माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, ‘लोकांना काय कळतंय!’ पण मी ते गिळलं. आम्ही चंदीगडच्या सेक्टर 30 मध्ये राहतो. लग्नसराईत इथे ढोल वाजायला लागला की माझेही पाय जागेवर राहत नाहीत. म्हणजे ‘लोकांत’ मीही आलेच की!

याच सेक्टरमध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेची मोठी संस्था आहे. नाना तऱ्हेची मोजमापाची यंत्रं तिथे घडतात. गाणं किती चांगलं आहे हे दाखवणारं यंत्र मात्र अजून कुणाला जमलेलं नाही, म्हणून आपण व्ह्यूज मोजतो. ते मोजायला सोपे असतात, एवढंच.

पण व्ह्यूज नेमकं काय मोजतात? अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी 2006 मध्ये एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली आणि चौदा हजारांहून जास्त लोकांना ती ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, तो आकडाही त्यांना दाखवला. गंमत पुढेच आहे. आकडा दिसू लागताच पुढे असलेली गाणी आणखी पुढे गेली, मागची आणखी मागे पडली. शिवाय प्रत्येक गटात वेगळीच गाणी वर आली. तीच गाणी, तशीच माणसं, पण या गटातलं गाजलेलं गाणं त्या गटात कुठेतरी मध्येच लटकलेलं!

मात्र याच प्रयोगाने दुसरी बाजूही दाखवली. लोकांना आकडे न पाहता फार आवडलेली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत आणि अजिबात न आवडलेली सहसा वर आली नाहीत. म्हणजे गुणाला काहीच किंमत नाही असं नाही. पण मधल्या भल्यामोठ्या गर्दीत कुणाचं नशीब उघडेल, हे बरंचसं आधी कुणी ऐकलं यावर ठरतं. त्यात आपल्या कानांची सवयही भर घालते. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की नुसत्या ओळखीमुळे ती आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्येच दाखवलं होतं. रिक्षात, दुकानात, शेजारच्या गाडीत दिवसातून दहा वेळा कानावर पडणारं गाणं आठवड्याने आपणच गुणगुणतो, ते याचमुळे.

मग गाजलेलं ते उथळ, असंही म्हणून चालेल का? ‘सैराट’ (2016) आठवा. ‘झिंगाट’वर गावोगावच्या वराती नाचल्या, पण त्याच चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला होता. नाचायच्या गाण्याने नाचवलं पाहिजे, अंगाईने झोपवलं पाहिजे. ते काम चोख होत असेल तर नाक मुरडायचं कारण नाही.

पंजाबशी आपलं सुरांचं नातं जुनं आहे. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी गांधर्व महाविद्यालय काढलं, ते पुण्या-मुंबईत नव्हे, तर लाहोरमध्ये. राजेरजवाड्यांच्या कृपेवर न राहता लोकांच्या देणग्या आणि जाहीर कार्यक्रम यांवर त्यांनी ते चालवलं. घरंदाज मुलामुलींनी गाणं शिकणं तेव्हा कमीपणाचं मानलं जाई. अशा काळात शास्त्रीय संगीत सामान्य घरात न्यायचं, तर लोकांना ते आवडायलाच हवं होतं. ‘रघुपती राघव राजाराम’ची घरोघरी पोचलेली चाल त्यांचीच मानली जाते. ती शाळकरी मुलालाही येते, त्यांचा ख्याल मात्र जाणकारच ऐकत असणार. यातलं चांगलं संगीत कुठलं? मला विचाराल तर दोन्ही, आणि दोन्हींची परीक्षा वेगळी.

माझी स्वतःची कसोटी अगदी घरगुती आहे. गाणं विसाव्यांदा ऐकताना आधी न जाणवलेलं काही सापडतं का? शब्द चालीवर नीट बसलेत, की ओढूनताणून बसवलेत? पडद्यावरचं चित्र काढून टाकलं तर मागे काय उरतं? या कसोटीवर काही लोकप्रिय गाणी दणक्यात पास होतात आणि काही ‘अभिजात’ रेकॉर्डिंग ऐकताना मला चक्क जांभया येतात. आणि हो, कमी लोकांनी ऐकलं म्हणून गाणं आपोआप थोर होत नाही, हेही भाचीला सांगावं लागलं. तिच्या अभंगात अंतऱ्याला सूर उतरत होता. ते 37 जणांनी ऐकलं काय आणि अकरा हजारांनी ऐकलं काय, उतरतच होता. ती चिडली, पण दुसऱ्या दिवशी अंतरा पुन्हा घोटताना दिसली.

नामदेवांच्या रचनांचे व्ह्यूज कोण मोजणार? पंढरीच्या या शिंप्याची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी पदं एकत्र केली, तेव्हा नामदेवांना जाऊन अडीचशे वर्षं झाली होती. ती पदं रागांनुसार मांडलेली आहेत आणि आजही गुरुद्वारांत गायली जातात. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचं मोठं स्थान आहे आणि 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलनही तिथे भरलं. इतक्या वर्षांत कुणी सक्ती केली नसताना लोक जे गात राहतात, त्या लोकप्रियतेपुढे मी मान तुकवते. चार दिवसांच्या आकड्यापुढे मात्र नाही.

परवा संध्याकाळी भाची गच्चीवर तोच अभंग गात होती. शेजारच्या सरदारनी आंटी वाळलेले कपडे काढायला आल्या होत्या. मराठी त्यांना कळत नाही, पण शेवटी आलेलं नाव त्यांनी ओळखलं. ‘‘भगत नामदेवजी?’’ असं विचारून त्या कठड्याशी आल्या आणि त्यांना येणारं नामदेवांचं एक पद म्हणू लागल्या. पट्टी खालची होती. भाचीने मोबाइलवरच्या तानपुऱ्याच्या ॲपमध्ये काळी पाचवरून सूर काळी तीनवर आणला आणि आंटींना पहिल्यापासून म्हणायला सांगितलं.