पोपट आणि ढोलीचे झाड

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्ण्याच्या आसपासच्या रानात माघ-फाल्गुनात पळस व काटेसावर फुलली, म्हणजे मधासाठी त्यांवर जे थवे उतरतात त्यांत पोपटांच्या तीन जाती ओळखता येतात: गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला, शेतावर व गावात सर्वत्र आढळणारा कीर, जांभळट-तांबूस मस्तकाचा, लहान चणीचा तोईपोपट, आणि खांद्यावर तांबडा डाग व प्रचंड लाल चोच धारण करणारा, शेपटीसह 55 सेंटिमीटरांच्या घरात जाणारा करण पोपट, ज्याला बाजारात ‘पहाडी’ म्हणतात. यांपैकी कीराची चिंता कोणास करावी लागत नाही, कारण तो लंडनच्या उद्यानांतही सुखाने नांदतो आहे. परंतु करण पोपटाची गणना निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने संकटाच्या उंबरठ्यावर असलेल्या जातींत केली आहे. एकाच कुळातील, एकच अन्न खाणाऱ्या दोन पक्ष्यांच्या दैवात एवढे अंतर का पडावे?

याचे उत्तर बहुतांशी झाडाच्या ढोलीत आहे. पोपट घरटे विणीत नाही, आणि टणक लाकूड पोखरून नवे बीळ पाडण्याचे सामर्थ्यही त्याच्या चोचीत नाही. सुतार वा तांबट पक्ष्याने पूर्वी कोरलेले, किंवा फांदी मोडून खोड कुजल्याने पडलेले भगदाड तो कुरतडून मोठे करतो व त्यात अंडी घालतो. कीर जुन्या वाड्याच्या भिंतीतील भोकावरही समाधान मानतो. करण पोपटास मात्र त्याच्या देहाला साजेशी ऐसपैस ढोली लागते, आणि अशी ढोली ज्या खोडात मावेल ते ऐन, बिजा किंवा मोहाचे झाड तयार व्हायला मनुष्याच्या दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात.

आणि नेमके हेच झाड वनखात्याच्या दप्तरात पिढ्यानपिढ्या कुचकामी ठरत आले. इंग्रजी अमदानीपासून चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, जंगलाचा महसूल सागावर मोजला गेला. 1974 साली वन विकास महामंडळ स्थापन झाल्यावर मिश्र जंगल साफ करून त्या जागी सागाची लागवड करण्याच्या कामास अधिकच वेग आला. लागवडीतला साग सरळ, निरोगी आणि पोकळीरहित असतो, व म्हातारा होऊन पोखरला जाण्यापूर्वीच तो कुऱ्हाडीखाली जातो. पूर्वीचे रान कसे होते याची कल्पना ज्यांना करावयाची असेल त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात आलापल्लीनजीक राखून ठेवलेला, 2014 साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेला वनखंड अवश्य पाहावा. त्याचे क्षेत्र अवघे 6 हेक्टर आहे, ही गोष्ट मला फार खिन्न करते.

ढोल्यांच्या या टंचाईत पिलांच्या चोरीची भर पडते. करण पोपटाची वीण हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत चालते. मादी वर्षातून एकदा दोन ते चार अंडी घालते, आणि पिले उडती होण्यास सहा-सात आठवडे लागतात. ढोलीची जागा एकदा माहीत झाली की पिले काढणे अवघड नसते, आणि हात आत पोहोचेना तर खोडच फोडले जाते. म्हणजे त्या वर्षीची संतती जाते ती जातेच, पण पुढील कित्येक वर्षांचे आश्रयस्थानही नष्ट होते. अशा पक्ष्याचा ऱ्हास डोळ्यांस लवकर दिसतही नाही, कारण पोपट दीर्घायुषी असल्यामुळे एकही पिलू न वाढलेल्या मुलखात प्रौढांचे थवे वर्षानुवर्षे उडत राहतात व सारे आलबेल असल्याचा भास निर्माण करतात. ब्राझीलमधील निळा स्पिक्स मकाव हा पक्षी रानातून असाच नाहीसा झाला: ओढ्याकाठची जुनी ढोलीदार झाडे तुटली, उरलेले पक्षी शौकिनांसाठी पकडले गेले, आणि 2000 साली रानातील शेवटचा नरही दिसेनासा झाला.

आपल्याकडे पिंजऱ्यातल्या राघूवर घरातली माणसे निःसंशय माया करतात. पण त्याच मायेच्या पैशावर ढोल्या फोडल्या जातात, हे स्पष्ट बोलले पाहिजे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पकडणे, विकणे व बाळगणे हा गुन्हा ठरविला असून, 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा 25 हजारांवरून 1 लाख रुपयांवर नेली आहे. तरीही अनेक सुशिक्षित घरांत याची वार्ता नाही.

मॉरिशस बेटावरील, आपल्या कीराच्याच गोत्राचा एक पोपट 1980 च्या दशकात दहा-बारांच्या आसपास उरला होता. तेथे लाकडी पेट्यांच्या कृत्रिम ढोल्या टांगून, पिलांची राखण करून आणि उपद्रवी उंदरांचा बंदोबस्त करून त्याची संख्या काही शेकड्यांवर नेण्यात आली. चांद्याच्या रानात अजून एवढ्या खटाटोपाची पाळी आलेली नाही. येथे तोडीसाठी आखलेल्या प्रत्येक कुपात पोखरलेली काही जुनी झाडे खुणा करून वगळावीत आणि विणीच्या महिन्यांत त्यांच्यावर गावच्याच माणसांची राखण बसवावी, इतके केले तरी करण पोपटाला पुरेसे आहे, असे माझे मत आहे.