कारंज्याचा हर्रास

कारंजा (लाड) हे वाशीम जिल्ह्यातील तहसिलीचे गाव; परंतु त्याचा लौकिक जिल्ह्याहून फार जुना. जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून विभक्त झाला, आणि कारंज्याची पेठ तर 1670 मध्ये मराठी फौजेने मुद्दाम वाकडी वाट करून लुटावी इतकी संपन्न होती. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या चार वेशींच्या गावात नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आहे, जैन हस्तलिखितांची प्राचीन भांडारे आहेत. तथापि नोकरी-उदीमाच्या निमित्ताने येथे बिऱ्हाड केलेल्या माणसास लवकरच उमजते, की शिंप्याची शिलाई, शिकवणीची फी आणि किराण्याची उधारी या सर्वांचा वायदा ‘सोयाबीन विकलं की’ या तीन शब्दांवर ठरतो.

हे सोयाबीन विकले जाते कसे, ते पाहावयाचे असेल तर दिवाळीच्या आगेमागे सकाळीच बाजार समितीच्या आवारात जावे. फाटकावर नोंद करून ट्रॅक्टर आत येतात. हमाल कट्टे पाठीवर घेऊन अडत्याच्या दुकानापुढे रिते करतात, आणि थोड्याच वेळात पिवळट ढिगांची अशी रांग लागते, की दोन ढिगांमधून चालताना पाऊल जपून टाकावे लागते. शेतकरी आपल्या ढिगाशी उभा असतो. आदल्या वर्षाचा माल असेल तर निर्धास्त, यंदाचा आणि पावसात सापडलेला असेल तर उगाच वरचा थर हाताने सारखा करीत.

मग हर्रास निघतो. समितीचा माणूस, अडते, खरेदीदार आणि मागे बघे असा तो घोळका ढिगामागून ढीग घेत सरकतो. खरेदीदार वरच्या दाण्यांकडे पाहत नाही. कोपरापर्यंत हात आत खुपसून तळची मूठ बाहेर काढतो, ती पसरून माती, काडी, डागी दाणा न्याहाळतो, एखादा दाणा दाताखाली फोडतो. ओलावा मोजण्याचे यंत्र आता सर्वत्र आहे, हमीभावाच्या खरेदीस 12 टक्क्यांची मर्यादाही आहे. परंतु यंत्राचा आकडा येण्यापूर्वीच दाताने आपला निकाल दिलेला असतो, आणि दोहोंत फारसे अंतर पडत नाही असे माझे निरीक्षण आहे. बोली पाच-दहा रुपयांनी चढते. ‘काका, देता का?’ असे अडत्या विचारतो; काका क्षणभर मान हलवीत नाहीत, घोळका पुढच्या ढिगाकडे वळू लागतो, तेव्हा हलवितात. एवढ्यात चार महिन्यांच्या कष्टांचा फैसला होतो. पुढे मापारी काट्यावर वजन करतो, हिशेबपट्टी निघते आणि चुकारा हाती येतो. सांडलेले दाणे मातीसकट झाडून सुपाने पाखडणाऱ्या बायांचे काम तेव्हा कोठे सुरू होते.

या पद्धतीचा इतिहास कारंजेकरांनाही क्वचितच ठाऊक असतो. वऱ्हाड इंग्रज रेसिडेंटाच्या अमलाखाली असता 1886 मध्ये कारंज्याचा कापसाचा बाजार नियमाखाली आणण्यात आला, आणि हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद झाली. 1897 चा वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांचा कायदा त्यानंतरचा. सरकारला शेतकऱ्याचा कळवळा आला होता असे मानण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी दरात हवा होता, म्हणून ही शिस्त आली. पण ती आल्यामुळे उघड बोली आणि खरे वजन हा शेतकऱ्याचा हक्क ठरला, हेही तितकेच खरे.

भाव मात्र तेव्हाही कारंज्यात ठरत नव्हता. कापसाचा दर लिव्हरपूलच्या तारेवर हेलकावे खाई. आज सोयाबीनचा दर शिकागोचा वायदेबाजार, परदेशी पामतेलाची आयात आणि त्यावरील जकात यांच्या तंत्राने चालतो. केंद्र सरकारने 2025-26 साठी क्विंटलला 5328 रुपये हमीभाव जाहीर केला, तरी ऐन आवकेत आवारातली बोली त्याच्या बरीच खाली राहिली. कायद्याने काटा सरळ केला, दर सरळ करणे त्याच्या आवाक्यातले नव्हते. आणि खरेदीदारास शिव्या देऊन घरी जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना हा भेद कोणी समजावून सांगत नाही.

एक उपाय मात्र याच आवारात, बहुधा न वाचलेल्या फलकावर लिहिलेला असतो. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत सोयाबीन गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजाने, सहा महिन्यांच्या मुदतीवर मिळू शकते. ज्याला देणेकऱ्यांचा तगादा आहे पण माल वाळलेला आहे, त्याने ट्रॅक्टर रिता करण्यापूर्वी समितीच्या दप्तरात जाऊन गोदामात जागा आहे का, एवढे तरी विचारावे.